तोब्रुक ते जर्मनी: दुसऱ्या महायुद्धात कैद झालेल्या भारतीय जवानाचं पुढे काय होत असे?

२० जून १९४२ ची पहाट. लिबियातल्या तोब्रुक बंदराच्या आग्नेय बाजूच्या खंदकांत सेकंड फिफ्थ मराठा लाइट इन्फंट्री, म्हणजे ‘काली पांचवी’ पलटण मोर्चा धरून होती. वर्षभरापूर्वीच इरिट्रियात केरेनचे डोंगर लढलेली ही माणसं. जर्मन सेनापती रोमेलनं तोब्रुक फोडायला नेमका हाच पट्टा निवडला. आधी स्टुका विमानांनी बॉम्ब टाकले, मग तोफा धडाडल्या आणि पाठोपाठ पायदळ आणि रणगाडे आत घुसले. संध्याकाळपर्यंत जर्मन रणगाडे बंदरात पोचले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथले सेनापती, दक्षिण आफ्रिकेचे जनरल क्लॉपर यांनी शरणागती पत्करली. सुमारे ३३ हजार सैनिक कैदी झाले. त्यांत अडीच हजारांच्या आसपास भारतीय होते.

इथपर्यंतची हकिगत युद्धाच्या इतिहासात मिळते. पुढची फारसं कुणी सांगत नाही. इटलीच्या आघाडीवर यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत आणि असायलाच हवीत. पण ज्यांनी वरून हुकूम आला म्हणून शस्त्र खाली ठेवलं आणि पुढची तीन वर्षं काटेरी तारांमागे काढली, त्यांच्याबद्दल घरात एकच वाक्य उरतं: “आजोबा जर्मनीत कैदेत होते.” कैदेत होते म्हणजे काय? कुणी ठेवलं, खायला काय मिळायचं, काम करून घेत का, पत्रं यायची का, सुटका कशी झाली? हे समजून घेतल्याशिवाय त्या एका वाक्यातलं ओझं कळत नाही.

पकडले जर्मनांनी, ठेवले इटलीनं

पहिली गोंधळाची गोष्ट हीच. तोब्रुक घेतलं मुख्यतः जर्मन सैन्यानं, पण तिथले बहुतेक कैदी इटलीच्या ताब्यात गेले. लिबिया ही इटलीची वसाहत होती आणि उत्तर आफ्रिकेतले कैदी इटलीनं सांभाळायचे असं दोन्ही देशांत ठरलेलं होतं. त्यामुळे जवानाची पहिली वाट डेर्ना, बेंगाझी अशी किनाऱ्याकिनाऱ्यानं गेली. जून-जुलैचं वाळवंट, माणसांच्या मानानं पाणी अगदी तुटपुंजं, त्यात हगवणीची साथ. तात्पुरत्या तळांवरचे हे आठवडे अनेकांना पुढच्या वर्षांपेक्षाही जड गेले.

मग समुद्र. कैद्यांना मालवाहू बोटींच्या तळघरांत भरून इटलीला नेत. या बोटींवर कैदी आहेत अशी कुठलीही खूण बाहेरून दिसत नसे आणि ब्रिटिश पाणबुड्या शत्रूच्या बोटी शोधतच असत. १७ ऑगस्ट १९४२ ला ‘निनो बिक्सिओ’ या बोटीवर ब्रिटिश पाणबुडीनं टॉर्पेडो सोडले आणि तीनशेहून अधिक कैदी मेले. नोव्हेंबरात ‘शिलिन’ बोट तशीच बुडाली. तिच्यातल्या सुमारे आठशे कैद्यांपैकी जेमतेम २७ वाचले. शत्रूच्या हातून वाचलेली माणसं आपल्याच बाजूच्या टॉर्पेडोनं बुडाली. युद्धातल्या या मृत्यूंना कोणत्या रकान्यात टाकायचं, मला अजून कळलेलं नाही.

इटलीत भारतीयांसाठी वेगळ्या छावण्या होत्या. नेपल्सजवळ आवेर्सा इथे अधिकारी असत, तर रोमच्या पूर्वेला डोंगरात आवेझ्झानो इथे मोठी छावणी होती. इटलीत कैद असलेल्या भारतीय अधिकाऱ्यांची यादी पुढे पाहिली की थक्क व्हायला होतं. पुढे भारताचे लष्करप्रमुख झालेले कुमारमंगलम त्यांत होते आणि पुढे पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष झालेले याह्या खानही होते. तेव्हा ते एकाच सैन्यातले तरुण अधिकारी होते आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच विचार होता, निसटायचं कसं.

८ सप्टेंबर १९४३ ला इटलीनं दोस्तराष्ट्रांशी तह जाहीर केला. छावण्यांवरचे इटालियन पहारेकरी एका रात्रीत पांगले. दारं उघडी होती. पण लंडनहून छावण्यांतल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना आधीच गुप्त सूचना गेलेली होती, की जागा सोडू नका, आपलं सैन्य येईल. ते वेळेत आलं नाही. जर्मन आले. इटलीतल्या सुमारे ऐंशी हजार दोस्त कैद्यांपैकी पन्नास हजारांच्या आसपास माणसं मालगाडीच्या डब्यांत कोंबून आल्प्सपलीकडे नेली गेली. ज्यांनी सूचना न मानता डोंगर गाठला, त्यांतल्या कित्येकांना इटलीतल्या गरीब शेतकऱ्यांनी गोठ्यात, माळ्यावर लपवलं. बाकीच्यांची कैद आता खऱ्या अर्थानं जर्मनीतली झाली.

काही भारतीय त्याआधीच थेट जर्मनीत पोचले होते. डिसेंबर १९३९ मध्ये मुंबईहून खेचरांच्या तुकड्या फ्रान्सला गेल्या होत्या. ‘फोर्स के-सिक्स’ हे त्यांचं नाव. जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळला तेव्हा त्यांतली एक तुकडी जर्मनांच्या हाती लागली. या युद्धातले जर्मनीच्या ताब्यातले पहिले भारतीय सैनिक ते. शिवाय बुडवलेल्या किंवा पकडलेल्या ब्रिटिश बोटींवरचे भारतीय खलाशीही होते. त्यांना ब्रेमेनजवळच्या खलाशांच्या छावणीत ठेवत. ते सैनिक नव्हते, तरी तारा त्याच होत्या.

जीव कशावर अवलंबून होता

१९२९ साली जिनिव्हात युद्धकैद्यांबद्दलचा करार झाला. त्यावर ब्रिटननं सही केली, ब्रिटिश हिंदुस्थाननं वेगळी सही केली आणि जर्मनीनंही तो मान्य केला होता. कराराचं म्हणणं साधं होतं. कैदी हा गुन्हेगार नाही. त्यानं नाव आणि हुद्दा किंवा नंबर सांगायचा, बाकी काही सांगायची सक्ती नाही. पकडणाऱ्या देशानं आपल्या राखीव सैनिकाला देतो तेवढं अन्न त्याला द्यायचं. अधिकाऱ्यांकडून काम करून घ्यायचं नाही. शिपायाकडून घेता येईल, पण शस्त्रं किंवा दारूगोळा बनवण्याचं नाही. पळून जायचा प्रयत्न केला तर जास्तीत जास्त तीस दिवस कोठडी. आणि हे सगळं होतंय का ते पाहायला एका तटस्थ देशाचे निरीक्षक येणार. ब्रिटिश बाजूच्या कैद्यांसाठी आधी अमेरिका हे काम करी. अमेरिका युद्धात उतरल्यावर स्वित्झर्लंडनं ते घेतलं.

सोव्हिएत संघानं हा करार मान्य केला नव्हता. हिटलरनं त्याचा आधार घेतला. खरं कारण त्याहून भयंकर होतं, कारण रशियन माणूस त्याच्या लेखी माणूसच नव्हता. सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिक जर्मनांच्या हाती सापडले आणि त्यांतले जवळपास ३३ लाख मेले. उपासमारीनं, थंडीनं, गोळ्या घालून. ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांत हेच प्रमाण शंभरात तीन-चार होतं. कित्येकदा दोन्ही प्रकारचे कैदी एकाच छावणीत, मध्ये फक्त एक तारेचं कुंपण अशा अंतरावर होते. अलीकडे आठवड्याला पार्सल येतंय आणि पलीकडे माणसं गवत उपटून खातायत, हे दृश्य सुटून आलेल्या कितीतरी ब्रिटिश कैद्यांनी सांगून ठेवलं आहे.

मग भारतीय जवान कुठे बसत होता? त्याच्या अंगावर ब्रिटिश साम्राज्याचा गणवेश होता म्हणून तो कराराच्या छताखाली आला. जर्मनीचेही लाखो सैनिक ब्रिटनच्या कैदेत जाऊ शकत होते, त्यामुळे बदल्याची भीती जर्मनांना होती. त्वचेचा रंग त्याच्या बाजूनं नव्हता. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्सच्या आफ्रिकन सैनिकांना पकडल्यावर जर्मन तुकड्यांनी काही ठिकाणी सरळ गोळ्या घातल्या होत्या. लिऑनजवळच्या शासले गावी तर त्यांचं वेगळं स्मशान आजही आहे. फ्रान्सच्या वसाहतींमधले बहुतेक कैदी जर्मनांनी फ्रान्समध्येच ठेवले, कारण ‘काळे’ लोक जर्मन भूमीवर नकोत. भारतीयांच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या पडल्या. एक, लंडनचं सरकार अजून लढत होतं. दुसरी, बर्लिनमध्ये त्यांच्याकडे राजकीय डोळ्यानं पाहिलं जात होतं. त्याकडे पुढे येतो.

बिल्ला, कार्ड आणि बेपत्ता माणूस

जर्मन व्यवस्था कागदावर उभी होती. आधी ‘दुलाग’, म्हणजे तात्पुरती छावणी. तिथे चौकशी आणि वाटणी व्हायची. मग शिपाई आणि हवालदारांसाठी ‘स्टालाग’, अधिकाऱ्यांसाठी ‘ओफ्लाग’, वैमानिकांसाठी ‘स्टालाग लुफ्ट’. स्टालागमध्ये पोचलं की फोटो, बोटाचा ठसा, माहितीचं कार्ड आणि गळ्यात अडकवायचा धातूचा बिल्ला. बिल्ल्याच्या मधोमध भोकांची रेघ असे आणि दोन्ही अर्ध्यांवर तोच नंबर कोरलेला. माणूस मेला तर बिल्ला मोडायचा, अर्धा प्रेताबरोबर आणि अर्धा दप्तरात.

या नोंदीला फार मोल होतं. तोवर घरी फक्त ‘बेपत्ता’ अशी तार गेलेली असे. बेपत्ता म्हणजे कुंकू ठेवायचं की पुसायचं, श्राद्ध घालायचं की वाट पाहायची, काहीच ठरत नाही. छावणीत नोंद झाली की कैद्याला एक छापील कार्ड घरी पाठवायला मिळे, आणि नाव जिनिव्हाला रेडक्रॉसच्या कचेरीत जाई. तिथून लंडन, तिथून दिल्ली, तिथून पलटणीचं केंद्र आणि शेवटी गाव. यात कित्येक महिने जात. जगण्याचा पुरावा इतक्या लांबून येत असल्यामुळे नोंद न झालेला कैदी सर्वांत मोठ्या धोक्यात असे. ज्याचं नाव जिनिव्हात नाही, त्याला काही झालं तर कोण विचारणार?

नंतर महिन्याला ठराविक दोन-चार पत्रं. त्यासाठी छापील, रेघा आखलेला कागद मिळे आणि पोस्टाचं तिकीट लागत नसे. पण दोन्ही बाजूंचे सेन्सॉर प्रत्येक ओळ वाचत. आपल्या सैन्यात रोमन लिपीतलं उर्दू शिकवलं जाई. ज्याला लिहिता येत नसे त्याच्यासाठी बराकीतला शिकलेला सोबती लिही. म्हणजे बायकोला लिहिलेलं पत्र आधी मित्रानं ऐकायचं, मग जर्मन सेन्सॉरनं, मग इंग्रजांच्या सेन्सॉरनं, आणि गावात ते मास्तर किंवा पोस्टमन वाचून दाखवणार. अशा पत्रांत ‘मी खुशाल आहे, काळजी नसावी’ यापलीकडे काही नसतं याचं नवल वाटायला नको.

भूक

कैद्यांच्या आठवणी कुठल्याही देशाच्या वाचा, पानापानावर अन्न असतं. सकाळी जव किंवा ओकच्या फळांपासून केलेली ‘कॉफी’. दुपारी सलगम किंवा बटाट्याचं पाणीदार सूप. संध्याकाळी काळ्या पावाची एक लादी पाच-सहा जणांत, कधी सात जणांत. पाव कापताना सगळे डोळे सुरीवर, आणि ज्यानं कापला त्यानं शेवटचा तुकडा घ्यायचा, हा नियम ठिकठिकाणी होता. एवढ्यावर दिवसभर काम. शिपाई कैद्यांना छोट्या टोळ्या करून शेतांवर, खाणींत, साखर कारखान्यांत, रेल्वेमार्गांवर पाठवत. मजुरी म्हणून छावणीतच चालणाऱ्या कागदी नोटा मिळत. शेतावर पाठवलेला नशीबवान, कारण तिथे बटाटा खिशात घालता येतो.

ब्रिटिश साम्राज्याचे कैदी तगले ते रेडक्रॉसच्या पार्सलवर. सुमारे पाच किलोचा एक पुठ्ठ्याचा खोका, शक्य तेव्हा दर माणशी आठवड्याला एक. चहा, साखर, आटवलेलं दूध, बिस्किटं, मुरंबा, चॉकलेट, साबण आणि डब्यातलं मांस. ब्रिटनहून हे खोके लिस्बनला, तिथून बोटीनं मार्सेयला, मग रेल्वेनं जिनिव्हाला आणि पुढे छावण्यांत जात. शत्रूच्या मुलखातून शत्रूच्याच रेल्वेनं.

पण डब्यातलं मांस बहुधा गोमांस असे. हिंदू शिपायाला ते चालत नाही आणि मुसलमान शिपायाला डुकराचं चालत नाही. यासाठी लंडनमध्ये ‘इंडियन कम्फर्ट्स फंड’ उभा राहिला आणि त्याचं काम इंडिया हाउसमधून चाले. तिथे स्त्रिया भारतीय कैद्यांसाठी वेगळी पार्सलं बांधत. त्यांत आटा, डाळ, तूप आणि मसाल्याची पूड. जर्मनीतल्या सॅक्सनी भागाच्या हिवाळ्यात, बाहेर बर्फ पडत असताना, दुधाच्या रिकाम्या डब्यांपासून केलेल्या शेगडीवर कुणीतरी आट्याची रोटी भाजतोय आणि बराकभर तुपाचा वास सुटलाय, अशी कल्पना करून पाहा. ते पार्सल पोटाबरोबर आणखीही काही भरून काढत असणार.

पार्सलांमुळे छावणीत बाजार तयार झाला आणि सिगारेट हे त्याचं चलन. रॅडफर्ड नावाचा एक ब्रिटिश अर्थतज्ज्ञ स्वतः कैदी होता. सुटल्यावर १९४५ मध्ये त्यानं या बाजारावर लिहिलं आणि अर्थशास्त्राच्या वर्गांत ते आजही शिकवलं जातं. त्यानं एक गंमतीची गोष्ट नोंदली आहे. छावणीतल्या एकाला उर्दू येत होतं. तो शीख कैद्यांकडून मांसाचे डबे घेई आणि बदल्यात लोणी आणि मुरंबा देई. दुसऱ्या भागात मांसाला चांगला भाव, त्यामुळे त्याला नफा. हळूहळू बाकीच्यांनाही हे कळलं, जास्त लोक या व्यापारात उतरले आणि भारतीय बराकींतला भाव बाकी छावणीच्या भावाजवळ आला. म्हणजे आहाराचा नियम, भाषेची माहिती आणि बाजारभाव यांचा संबंध एका तारेच्या कुंपणात उघडा दिसला. कैदी म्हणजे हातपाय गाळून बसलेला माणूस, हे चित्र अशा नोंदींपुढे टिकत नाही.

आन्नाबुर्गचा प्रश्न

इथे भारतीय कैद्याची गोष्ट इतर सगळ्यांपेक्षा वेगळी होते. इंग्रज कैद्याला शत्रू कोण हे ठाऊक होतं. भारतीय कैद्याला एक दिवस बराकीत येऊन कुणीतरी विचारलं, की तुझा खरा शत्रू कोण?

जर्मनीनं हा प्रयत्न पहिल्या महायुद्धातही केला होता. बर्लिनच्या दक्षिणेला व्युन्सडॉर्फ इथे त्यांनी मुसलमान आणि भारतीय कैद्यांसाठी खास छावणी काढली. १९१५ मध्ये तिथे लाकडी मशीद बांधली. जर्मन भूमीवरची ती पहिली. हेतू हा, की चांगलं वागवून यांना इंग्रजांविरुद्ध फिरवायचं. ते फारसं साधलं नाही. पण त्याच छावणीत जर्मन भाषातज्ज्ञांनी कैद्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले आणि त्या तबकड्या बर्लिनमध्ये आजही आहेत. ११ डिसेंबर १९१६ ला मल सिंग नावाचा पंजाबी शिपाई त्या भोंग्यासमोर उभा राहिला आणि स्वतःबद्दलच परक्यासारखं बोलला. एक माणूस होता, हिंदुस्थानात लोणी खायचा, तो या युद्धात आला, जर्मनीनं त्याला पकडलं, आता त्याला घरी जायचंय, आणखी दोन वर्षं इथे राहावं लागलं तर तो मरेल, देवाच्या कृपेनं तह झाला तर तो परत जाईल. युद्धकैदेबद्दल मी जे काही वाचलं त्यात याहून थोडक्यात सांगितलेलं आणि याहून जिव्हारी लागणारं काही आढळलं नाही. व्युन्सडॉर्फजवळच्या त्सेरेन्सडॉर्फच्या स्मशानभूमीत दोनशेच्या वर भारतीय कायमचे राहिले.

दुसऱ्या युद्धात हा प्रयत्न वेगळ्या माणसानं केला, म्हणून तो वेगळा ठरला. सुभाषचंद्र बोस एप्रिल १९४१ मध्ये बर्लिनला पोचले. त्याच महिन्यात लिबियात मेकिली इथे भारतीय घोडदळाच्या पलटणींचे अनेक जवान कैद झाले होते. त्यांतल्या सत्तावीस जणांना विमानानं बर्लिनला आणलं. मग इंग्रजांविरुद्ध लढणारं भारतीयांचं सेनादल उभारायचं म्हणून भारतीय कैदी सॅक्सनी भागातल्या आन्नाबुर्गच्या छावणीत गोळा केले जाऊ लागले. बोसांच्या बर्लिनमधल्या ‘आझाद हिंद केंद्रा’त काम करणाऱ्यांत एन. जी. गणपुले हे मराठी गृहस्थही होते. ‘जय हिंद’ हे अभिवादन याच वर्तुळातून आलं. त्याचं श्रेय आबिद हसन यांना दिलं जातं.

सुरुवातीला प्रतिसाद थंड होता, विशेषतः जुन्या हवालदार-सुभेदारांचा. त्यांच्या दृष्टीनं खाल्ल्या मिठाला जागणं हा राजकारणाचा विषयच नव्हता. तो इज्जतीचा होता. तरी हळूहळू भरती झाली आणि सेनादल जास्तीत जास्त अडीच-तीन हजारांपर्यंत गेलं. युरोपातल्या भारतीय कैद्यांची संख्या पंधरा हजारांच्या आसपास धरली तर पाचांतला एक. या दलात हिंदू, मुसलमान, शीख एकाच तुकडीत आणि एकाच पंगतीला होते. ब्रिटिश हिंदी सैन्यात जातवार, धर्मवार कंपन्या असत. तिथून आलेल्या जवानासाठी हा बदल मोठा होता. दुसरीकडे शपथ मात्र जर्मन सैन्याचा सर्वोच्च सेनापती म्हणून हिटलरच्या आज्ञा पाळण्याची होती, भारताच्या लढ्यासाठी, ज्याचे नेते सुभाषचंद्र बोस. दोन्ही नावं एकाच वाक्यात.

फेब्रुवारी १९४३ मध्ये बोस कीलहून पाणबुडीनं पूर्वेकडे निघून गेले. मागे राहिलेल्यांना याची कल्पना नव्हती. भारताच्या सीमेवर जायचं म्हणून भरती झालेली माणसं हॉलंडच्या आणि मग फ्रान्सच्या किनाऱ्यावर जर्मनांची तटबंदी राखत बसली. काहींनी तिकडे जायलाच नकार दिला. १९४४ च्या ऑगस्टमध्ये हे दल वाफेन-एसएस या नाझी पक्षाच्या लढाऊ दलाच्या हाताखाली टाकलं गेलं.

यांना देशभक्त म्हणायचं की फितूर, हा वाद घालणारे दोन्ही बाजूंनी सोपं करून बोलतात असं मला वाटतं. ज्यानं ‘हो’ म्हटलं त्याच्या मनात स्वातंत्र्य असेल, भूक असेल, गाववाल्या सोबत्याचा शब्द असेल, कदाचित सगळंच. ज्यानं ‘नाही’ म्हटलं त्याचंही इंग्रजांवर प्रेम होतं असं नाही. दिलेला शब्द, घरी मिळणारा पगार, जर्मनांबद्दलचा अविश्वास, सगळं त्यात आलं. पंधरा हजारांपैकी बारा हजार ‘नाही’ म्हणून भुकेच्या आणि मजुरीच्या बाजूला राहिले. त्यांची आठवण ना ब्रिटननं नीट ठेवली ना स्वतंत्र भारतानं.

एका ‘नाही’ची नोंद मात्र तपशीलवार आहे. डॉ. बीरेंद्रनाथ मजुमदार, जन्म गयेचा, डॉक्टर म्हणून ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय दलात, १९४० मध्ये फ्रान्सात कैद. ते कोल्डिट्झच्या किल्ल्यात पोचले. वारंवार पळणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी असलेल्या त्या छावणीत ते एकटे भारतीय होते. सोबतच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांपैकी कित्येक त्यांच्याकडे हेर म्हणून पाहत, आणि तुमच्या रंगामुळे तुम्ही लगेच ओळखू याल म्हणत त्यांना पळून जाण्याच्या बेतांत घेत नसत. जर्मनांनी त्यांना बर्लिनला नेऊन बोसांची भेट घडवली. मजुमदारांना भारताचं स्वातंत्र्य हवंच होतं, पण घेतलेली शपथ मोडणार नाही म्हणून ते परत कोल्डिट्झला आले. मग त्यांनी जिनिव्हा करारच हत्यार म्हणून वापरला. करारात असं कलम होतं, की वेगवेगळ्या वंशांचे किंवा राष्ट्रांचे कैदी शक्यतो एका छावणीत ठेवू नयेत. मला भारतीयांच्या छावणीत पाठवा, असं ते म्हणाले. कुणी ऐकेना. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये एकवीस दिवसांचा उपवास सुरू केला होता. त्याच काळात कोल्डिट्झच्या दगडी भिंतींत मजुमदारांनी अन्न सोडलं. जर्मन नमले, त्यांना फ्रान्समधल्या भारतीय कैद्यांकडे हलवलं. तिथून ते निसटले आणि चालत स्वित्झर्लंडला पोचले. पुढे ब्रिटिश गुप्तचरांनी त्यांचीच चौकशी केली.

एपिनाल

१९४४ च्या वसंतात पूर्व फ्रान्समधल्या एपिनाल गावच्या बराकींत सुमारे तीन हजार भारतीय कैदी होते. ११ मे ला अमेरिकी विमानं जवळची रेल्वे उडवायला आली आणि बॉम्ब छावणीवरही पडले. साठहून अधिक कैदी मेले. भिंती कोसळल्या आणि वाचलेले त्या भगदाडांतून बाहेर पडले. स्विस सरहद्द साधारण शंभर किलोमीटरवर. भाषा येत नाही, रंग लपत नाही, अंगावर कैद्याचे कपडे. तरी सुमारे पाचशे जण स्वित्झर्लंडला पोचले. दुसऱ्या महायुद्धात पश्चिमी दोस्तांच्या कैद्यांची एवढी मोठी सुटका युरोपात दुसरीकडे क्वचितच झाली असेल.

हे शक्य झालं ते फ्रेंच खेड्यांमुळे. लोकांनी भाकरीचा तुकडा दिला, धान्याच्या कोठारात झोपू दिलं, पोरांनी पुढे होऊन जंगलातली वाट दाखवली. वाटेवरच्या गावांत एतोबों नावाचं एक लहान गाव होतं. प्रतिकार चळवळीला साथ दिल्याबद्दल त्याच वर्षी २७ सप्टेंबरला जर्मनांनी त्या गावातले एकोणचाळीस पुरुष गोळ्या घालून मारले. आपल्या जवानांना आसरा देणाऱ्यांनी काय पणाला लावलं होतं, ते या आकड्यावरून कळतं. आपल्या पाठ्यपुस्तकांत या गावाचं नाव यायला हवं, एवढं मात्र मला ठामपणे वाटतं.

ज्यांना निसटता आलं नाही त्यांना १९४५ च्या मेपर्यंत थांबावं लागलं. त्या शेवटच्या हिवाळ्यात रशियन सैन्य जवळ येऊ लागल्यावर पूर्वेकडच्या छावण्यांतल्या कैद्यांना जर्मनांनी बर्फातून शेकडो किलोमीटर पायी हाकलत पश्चिमेला नेलं. पार्सलं थांबली होती. सुटकेनंतर बरेच भारतीय आधी इंग्लंडला, नॉरफोकमधल्या तळांवर गेले. तिथून बोटीनं घराकडे. मुंबईच्या धक्क्यावर उतरलेल्या कितीतरी जणांनी चार-पाच वर्षं गाव पाहिलं नव्हतं. आझाद हिंदच्या दलात गेलेल्यांची चौकशी झाली, दोष किती धरला त्यावरून त्यांची काळे, करडे, पांढरे अशी वर्गवारी केली गेली आणि पुष्कळांना पेन्शनविना घरी पाठवलं. दोन वर्षांनी देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली, आणि एका बराकीत राहिलेली माणसं दोन सैन्यांत वाटली गेली.

तुमच्या घरात असा कुणी असेल तर शोध घेण्याच्या वाटा आहेत. पलटणीचं नाव आणि सैनिक क्रमांक ही पहिली किल्ली. जुनं पेन्शन बुक, डिस्चार्जचा कागद, पदकाची कड, यांवर तो क्रमांक असतो. पदकाच्या कडेवर नाव आणि नंबर कोरलेला असतो, भिंग घेऊन पाहा. युद्धात मृत्यू झाला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नावानं शोधता येतं, आणि तिथल्या नोंदीत बहुधा वडिलांचं नाव आणि गावही असतं. पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची रेडक्रॉसची कार्डं ऑनलाइन पाहता येतात. दुसऱ्या महायुद्धातल्या कैद्यांसाठी जिनिव्हाच्या रेडक्रॉस अभिलेखागाराकडे अर्ज करावा लागतो, आणि ते ठराविक संख्येनंच अर्ज घेतात. जर्मन छावण्यांमधली मूळ नोंदपत्रं, त्यांपैकी सुमारे दोन लाख, लंडनमधल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. नाव शोधताना रोमन लिपीतली दहा वेगवेगळी स्पेलिंग करून पाहा. जर्मन कारकुनानं ‘शिंदे’ कसं ऐकलं असेल आणि ‘पवार’ कसं लिहिलं असेल याचा अंदाज आपल्यालाच बांधावा लागतो.